पडलेल्या माणसाचं हसू

उप्पा, गेल्या शुक्रवारी मी निवडणुकीत पडले. थोडीथोडकी नाही, चांगली आपटून पडले. आणि परत येताना गाडीत एकटीच हसत होते. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून बघायला लागला, तरी हसू थांबेना. घरी आले, अंघोळ केली, केस वाळवत बसले आणि वाटलं, हे आता कुणाला सांगायचं? नवरा नोकरीसाठी दूर तबूकला, मुलगी दहा वर्षांची, आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. जो माणूस स्वतः पडून हसला होता, त्यालाच सांगावं म्हटलं.

तुमच्यासारखी आमदारकीची निवडणूक नव्हती, घाबरू नका. मी इथे सौदीत, हुफूफला, एका हॉस्पिटलात फिजिओथेरपी करते. बायकांच्या विभागात गुडघे, कंबर, खांदे, दिवसभर हेच. मुलगी इथल्या भारतीय मुलांच्या शाळेत जाते. त्या शाळेची पालकसमिती असते, तिची निवडणूक. कामं म्हणाल तर स्कूलबस, पंखे, पाण्याचे कूलर, मुलींच्या बाजूचं मैदान. पण आपली माणसं कुठेही गेली तरी निवडणूक म्हटलं की अंगात येतं. इथल्या मराठी घरांचा एक ग्रुप आहे, दिवाळीच्या फराळापासून ईदच्या शीरखुर्म्यापर्यंत सगळं त्यावर ठरतं. त्यात एक पुण्याकडचे हाडांचे डॉक्टर आहेत, वयाने मोठे, सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतात. त्यांनी एका जेवणात विषय काढला. म्हणाले, "समितीत सगळे मलबारी भरलेत. बाहेरचे लोक शाळा चालवतात आणि आपण बघत बसतो. आपला एक तरी माणूस हवा."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, इथे बाहेरचा कोण नाही? आपल्या सगळ्यांच्या खिशात इकामा आहे." इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, उप्पा. तो संपला की खलास, बोचकं उचलायचं आणि चालू पडायचं. लोक हसले. मग मी म्हटलं, "आणि माझे वडील मलबारीच होते." कुणीतरी उगाच पापड मोडला. डॉक्टरसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरे वा! मग तर उत्तमच! त्यांची पण मतं फुटतील!" झालं. पापड संपायच्या आत मी उमेदवार झाले होते. नाही म्हणायला माझी जीभ जड, ही तुमची देणगी. रात्री नवऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, "उभी राहा की, तुझ्या रक्तातच आहे." आता त्याला काय सांगू, रक्तात आहे म्हणूनच तर मी घाबरले होते.

तुमची गोष्ट मी मुलीला सांगते तेव्हा तिला ती खोटी वाटते. मलबारातून मंगलोरी कौलांच्या गलबतावर आलेला एक पोरगेला माणूस आपल्या बंदरात उतरतो, आजारी पडतो, गलबत त्याला सोडून जातं. नानांच्या छापखान्यात त्याला झाडलोटीला ठेवतात. मराठीचं अक्षर येत नाही, पण हात चलाख. नाना त्याला खिळे जुळवायला बसवतात, आणि तो शिशाच्या अक्षरांचे आकार बघून शब्द उभे करायला लागतो, अर्थ न कळता. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे तुम्ही मराठी आधी उलटी शिकलात आणि मग सुलटी. मला आठवतं, छापलेलं पान वाचताना तुम्ही अडखळायचात, पण जुळवलेल्या फर्म्यावरचा उलटा मजकूर झरझर वाचायचात. नानांच्या मुलीने, म्हणजे आईने, तुम्हाला मराठी बोलायला शिकवलं आणि तुम्ही तिच्याशीच लग्न केलंत. गावाने नाकं मुरडली, मलबारी जावई म्हणून. त्या दिवसापासून तुम्ही ठरवलंत, घरात मल्याळम नाही. आम्हाला तुमच्या भाषेतले दोनच शब्द मिळाले. बापाला 'उप्पा' आणि मुलीला 'मोळे'.

एक गोष्ट मात्र तुम्हाला मरेपर्यंत जमली नाही. तो, ती, ते. तुमच्या भाषेत वस्तूंना नवरा-बायकोपण नसतं म्हणे, मग आमची नदी बाई का आणि समुद्र बुवा का, हे तुम्हाला कोण सांगणार? "माझा चहा थंड झाली," तुम्ही म्हणायचात. "पाऊस आली." नानांच्या मागे तुम्ही साप्ताहिक काढलंत, अर्ध्या तालुक्याला ते वाचायची सवय लावलीत, तलाठ्यापासून तरीच्या ठेकेदारापर्यंत सगळ्यांची झोप उडवलीत, पण आईने प्रूफ तपासल्याशिवाय एक ओळ बाहेर गेली नाही. ती पेन्सिल घेऊन चुलीपुढे बसायची आणि तुमच्या तो चा ती करायची. "अवो, बातमी मर्दासारखी लिवलाव," ती म्हणायची, "पन बातमी बाई असते."

शाळा सुटली की मी थेट छापखान्यात. शाईचा आणि रॉकेलचा वास, ट्रेडल यंत्राचा खटका, तुमचा काळा अंगठा. सात वर्षांची असताना मी तुम्हाला बातमी लिहून दिली होती, मासळीबाजारात घाण पसरली आहे, अधिकाऱ्यांचे लक्ष नाही. तुम्ही ती वाचून विचारलंत, "तू बघितला?" मी म्हटलं, सगळे म्हणतात. तुम्ही कागद माझ्या हातात परत दिलात आणि सगळ्या कामगारांसमोर आवाज चढवलात, "तुझा नाक घेऊन जा. उभा राहा तिथे. मग लिही." मी रडत गेले, नाक घेऊन. बाजार धुऊन काढलेला, स्वच्छ! कोळणींनी मला मांडीवर बसवून घेतलं आणि त्यांच्या बसण्याच्या जागेवर छप्पर नाही हे सांगितलं. ती बातमी छापून आली. त्या आठवड्यात तुम्ही मला एक पुडकं दिलंत. आत माझ्या नावाची कार्डं, खाली छापलेलं, 'विशेष प्रतिनिधी'. माझ्या वर्गात अजून कुणाला स्वतःची पेन्सिल धड मिळत नव्हती आणि मी कार्डं वाटत होते. त्याच्याइतकी मोठी माझी त्यानंतर कधी नेमणूक झाली नाही. हॉस्पिटलनेही दिलेली नाही.

मग लोक म्हणायला लागले, लिहितोस ते विधानसभेत जाऊन बोल. जेट्टी मोडलीय, मोडलीय असं किती वर्षं छापणार? तुम्ही अपक्ष उभे राहिलात, निशाणी शिडी. समोरचा उमेदवार सभेत म्हणायचा, "ज्याला तो-ती-ते कळत नाही, तो बाहेरचा माणूस तुमचं काय बोलणार?" तुम्ही दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात गेलात आणि म्हणालात, "खरा आहे. मला तो-ती कळत नाही. पण जेट्टी मोडली आहे, हा मला कळते." लोकांनी डोक्यावर घेतलं. पहिल्याच अधिवेशनात तुम्ही उभे राहून म्हणालात, "अध्यक्ष महाराज, माझा जेट्टी," आणि सभागृह हसलं. घरी येऊन तुम्हीच ती नक्कल करून दाखवलीत. जेट्टी दुरुस्त झाली, आणि अजूनही गावात तिला 'उप्पाचा जेट्टी' म्हणतात. शुद्ध बोलणारी म्हातारी माणसंसुद्धा.

ते सगळं छान. पण त्या पाच वर्षांत आमच्या घरात तुम्ही नव्हता, हे कुणी छापलं नाही. दारात चपलांचा ढीग, चहाचं आधण कायम चुलीवर, आणि तुम्ही कुणाच्या तरी बदलीच्या, कुणाच्या तरी नळाच्या मागे. तुम्ही सरकारला पाठिंबा दिला होता जेट्टीसाठी, त्यामुळे साप्ताहिकाला सरकारवर लिहिता येईना. आधी अग्रलेख मऊ झाला, मग सत्कारांच्या बातम्या आल्या, मग एक दिवस ट्रेडलवर चादर पडली. आई म्हणाली, थोडे दिवस थांबू. माझी बातमी वाचायला कुणी उरलं नाही. कधीतरी सकाळी तुम्ही लोकांची नजर चुकवून छापखान्यात जायचात आणि नुसते खिळे त्यांच्या त्यांच्या खणात लावत बसायचात. मी दारातून बघायचे. मला आत बोलवायचात, पण तोवर कुणीतरी "साहेब आहेत का?" करत यायचंच.

आणि मग तो दिवस. त्याच्याबद्दलच लिहायचंय मला. दुसऱ्यांदा उभे राहिलात तेव्हा आम्ही जिवाचं रान केलं होतं. आई वाड्यावाड्यांतून पायी फिरली, चपलेचा अंगठा तुटला तर सुतळीने बांधून फिरली. मी तेरा वर्षांची, खांद्यावर कागदाची शिडी घेऊन घोषणा देत होते, घसा बसेपर्यंत. मतमोजणी तालुक्याला होती. आई सकाळपासून स्वयंपाकघरात, येणाऱ्या जाणाऱ्यांसाठी बांगडे तळत होती, कारण आपण येणारच होतो. दुपारी एक गडी सायकलवरून आला आणि अंगणातच बसून रडायला लागला. थोडक्यात गेली, म्हणाला. आईने तवा उतरवला नाही. बांगडा करपायला लागला. मी तिच्या पदराला धरून उभी.

आणि तुम्ही आलात. एकटेच, चालत, अंगावरचा कोट काढून हातात घेतलेला. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. आमच्याकडे बघितलंत. आणि हसायला लागलात. मोठ्याने नाही, आतून येतं तसं, खांदे हलत होते. तुम्ही काहीतरी पुटपुटलात, मला ऐकू आलं, "पोट… पोट…" दोनदा. मग पाट ओढून खाली बसलात, आणि करपलेल्या बांगड्यासकट पुढ्यातलं सगळं जेवलात. आईच्या हातातला झारा तसाच. ती एवढंच म्हणाली, "निवडनूक बुडाली त्याचं काय नाय, यांना पोटाचं पडलंय!"

ते वाक्य आपल्या घरात म्हणीसारखं झालं, उप्पा. पाहुण्यांपुढे आई ते सांगायची, नंतर नंतर हसून सांगायची. तुम्हीही हसायचात, कधी खोडून काढलं नाहीत. साप्ताहिक पुन्हा सुरू झालं, चादर गेली, अग्रलेखाला दात आले. मी खरं तर खूश व्हायला हवं होतं, माझा संपादक मला परत मिळाला होता. पण मला ते हसणं पचलं नाही. कागदाची शिडी मी स्वतः माळ्यावर नेऊन टाकली होती. आईच्या पायाला फोड आले होते. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो माणूस दारात उभा राहून हसतो आणि पोट पोट करतो? म्हणजे आमच्या कष्टांचं याला काहीच नाही? हा प्रश्न मला तेव्हा विचारता आला नाही, आणि विचारण्याइतकी मोठी झाले तेव्हा तुम्ही मलेरियाने की कशाने, आठवड्यात गेलात. तुमच्या मयताला सगळा तालुका आला. तेव्हाही माझ्या मनात ते एक कुसळ होतंच. किती माणसं रडतायत, आणि मला आठवतोय तो बांगडा.

आता इथली गोष्ट. प्रचार म्हणजे मेसेज आणि एक सभा. सभेत प्रत्येक उमेदवाराने दोन शब्द बोलायचे. माझ्यासमोर एक मल्याळी बाई होती, दुसऱ्या एका दवाखान्यात औषधं देते, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. ती उठली. वर्षभर तिने स्वतः मुलांच्या बसमागे गाडी नेऊन पाहिलं होतं, कुठल्या बसचं एसी कुठे बंद पडतं. ती हिंदीत बोलायला लागली, सगळ्यांना कळावं म्हणून. "हमारा बस बहुत गरम होता है। मेरा बेटी उल्टी करता है।" मागच्या रांगेत हसू फुटलं. आपलीच माणसं होती, उप्पा. मराठी ग्रुपवाली. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, म्हणजे हिचं काही खरं नाही, तू जिंकलीस. मी समोर बसले होते, भर थंडगार हॉलमध्ये, आणि मला ऐकू येत होतं, अध्यक्ष महाराज, माझा जेट्टी.

हसणाऱ्यांना मी काय बोलणार? माझी स्वतःची अरबी काय आहे, ते माझ्या पेशंटना विचारा. बायकांच्या विभागात काम करून करून मी सगळी अरबी बायकांकडून शिकले. त्यामुळे मला हुकूम फक्त बायकांना सोडता येतात. मागे पुरुषांच्या बाजूचा थेरपिस्ट सुट्टीवर होता, तेव्हा मला एका आजोबांकडे पाठवलं. खजुराच्या बागेतले, झाडावरून पडून गुडघा गेलेला. मी म्हटलं, "यल्ला, इर्फई!" म्हणजे चला, पाय उचला. आजोबा इकडे तिकडे बघायला लागले. मग त्यांनी पडद्यामागे वाकून बघितलं आणि मुलाला विचारलं, "वेन अल-हुरमा?" बाई कुठेय? मुलगा हसून हसून भिंतीला टेकला. पुरुषाला नुसतं 'इर्फा' म्हणायचं असतं, 'इर्फई' म्हटलं की ती बाई झाली. आजोबांनी शेवटी पाय उचलला. त्यानंतर रोज मी दिसले की स्वतःच म्हणायचे, "इर्फई, इर्फई!" आणि पाय वर. गुडघा बरा झाला. खाण तशी माती, दुसरं काय.

सभेनंतर मला झोप लागेना असं नाही, मी झोपते छान. पण एक गोष्ट स्वच्छ दिसायला लागली. मला जिंकायची भीती वाटत होती. हरण्याची नाही, जिंकण्याची. जिंकले तर संध्याकाळी बैठका, सुट्टीच्या दिवशी तक्रारी, फोन. नवरा महिन्यातून एकदा तबूकहून येतो. बाकीचे दिवस मुलीला मी एकटी. आम्ही दोघी गुरुवारी संध्याकाळी बाजारात जातो, ती मला तिच्या वर्गातल्या भानगडी सांगते, मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं व्यवस्थित चालतं. त्या गुरुवारांना मी दारातून बघत राहणारी मुलगी पुन्हा उभी करणार होते. स्वतःच्या हाताने.

शुक्रवारी नमाजनंतर मतदान झालं, लगेच मोजणी. शाळेच्या हॉलमध्ये फळ्यावर खडूने रेघा. तिच्या नावापुढे रेघांचे गठ्ठे वाढत गेले, माझ्यापुढे चार काटक्या. मराठी ग्रुपचे चेहरे पडत गेले. डॉक्टरसाहेब पुटपुटले, "मलबारी मतं फुटलीच नाहीत." मी मान खाली घालून बसले होते, कारण मला हायसं वाटत होतं आणि ते चेहऱ्यावर दिसू नये अशी माझी खटपट चालली होती. जाहीर झालं. ती बाई रांगा ओलांडून थेट माझ्याकडे आली. तिला वाटलं, मी रडतेय. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "पोट्टे, चेची. सारमिल्ला. पोट्टे."

चेची म्हणजे ताई, एवढं इथे राहून मला माहीत आहे. पण तो दुसरा शब्द. मी तिचे हात सोडले नाहीत. मी विचारलं, "क्या बोला? वापस बोलो." ती गोंधळली. "पोट्टे। मतलब… जाने दो। टेंशन मत लो।" मी म्हटलं, "पोट का मतलब पेट नहीं?" ती हसली, नाही, नाही. मग तिने डोकं खाजवून समजावलं. काही बिघडलं, सांडलं, हरलं की आपल्या माणसाला म्हणतात पोट्टे, जाऊ दे. आणि कुणाच्या घरून निघतानाही विचारतात, ञान पोट्टे? जाऊ का मी? जाऊ द्या मला. "मेरा पापा बोलता था," ती म्हणाली. "सेम वर्ड। दोनों टाइम।"

उप्पा, मी खुर्चीतून उठलेच नाही. सगळ्यांना वाटलं, हरल्याचा धक्का बसला. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवर हात फिरवला. डॉक्टरसाहेब म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." आणि मी आपली मनातल्या मनात दारात उभ्या असलेल्या तुम्हाला पुन्हा ऐकत होते. तुम्ही आईच्या हातातला झारा बघितलात, तिचे पाय बघितलेत, मला तिच्या पदराला लटकलेलं बघितलंत, आणि तुमची स्वतःची, घरात बंदी घातलेली भाषा तुमच्या तोंडून निसटली. जाऊ दे, म्हणालात तुम्ही आम्हाला. जाऊ दे गं, रडू नका. आणि बहुतेक त्याच श्वासात, मलाही जाऊ द्या. छापखान्यात. घरी. आम्ही मराठी माणसं, आम्हाला त्यात पोट ऐकू आलं. त्यात तुम्ही पाट ओढून बसलात, मग तर शंकाच नको. बिचारे तुम्ही, सकाळपासून उपाशी असणार, भूकही लागली असेलच.

तुम्ही हे कधी सांगितलं का नाहीत? मला वाटतं, तुम्हाला कळलंच नसेल की तुम्ही मल्याळममध्ये बोललात. सुखात आणि दुःखात माणूस ज्या भाषेत पडतो ती त्याला स्वतःला ऐकू येत नाही. किंवा कळलं असेल आणि आईची म्हण तुम्हाला आवडली असेल. संपादकाला चांगलं वाक्य कुठलं सोडवतं! काही असो. पस्तीस वर्षं रुतलेलं ते कुसळ एका अनोळखी बाईने हॉलमध्ये उभ्या उभ्या काढलं. तुम्ही आमच्या कष्टांना हसला नव्हता. तुम्ही सुटला होतात. आणि सुटलेला माणूस कसा हसतो, ते मला आता माहीत आहे, कारण मी ते गाडीच्या आरशात बघितलं.

घरी आले तर मुलगी शेजारच्या मावशींकडून धावत आली. "मम्मा, यू वन ऑर लॉस्ट?" मी म्हटलं, पडले. तिने उडी मारली. उडी! मग तिच्या लक्षात आलं, तसं नसतं करायचं, आणि ती गंभीर चेहरा करून म्हणाली, "सॉरी. बट थर्सडे इज स्टिल ऑन, ना?" मी म्हटलं, हो. तिने मला अशी मिठी मारली की माझ्याच कंबरेला फिजिओथेरपी लागावी. मग मी तिला बांगडे तळून घातले. इथे मिळतात, गोठवलेले, पण मिळतात.

हे पत्र मी कुठे पाठवणार? लिहून ठेवते, मुलीला मराठी वाचता येत नाही तोवर सुरक्षित आहे. आता तिला शिकवायला घ्यायची आहे, त्याआधी एक गोष्ट सांगून टाकते. नवऱ्याला सांगितलेली नाही, आणि डॉक्टरसाहेबांना तर मरेपर्यंत सांगणार नाही. शुक्रवारी पडद्याआड मतपत्रिका हातात घेतली, आणि माझा शिक्का तिच्या नावावर गेला. हात चुकून गेला नाही, मी नेला. माझ्या एका मताने काही बिघडलं नाही, मी तशीही आपटलेच असते.

तुम्ही मात्र अगदी थोडक्यात पडला होतात. त्यानंतर वर्षभर आई भाकऱ्या थापता थापता एकेका घराचं नाव घ्यायची, याने दिलं नसेल, त्याने दिलं नसेल, म्हणून. तुम्ही पाटावर बसून ऐकत असायचात. सगळा गाव झाला, उप्पा, पण आपलं घर तिने कधी त्या यादीत धरलं नाही, आणि तुम्ही तिला कधी आठवण करून दिली नाहीत.